शासकीय संकेतस्थळे : दिव्यांग व वृद्ध नागरिकांना सुगम्य कशी होतील?

शासनाचा निर्णय गावातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, हे लोकाभिमुख राज्यकारभाराचे जुने सूत्र आहे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. ती ऐकण्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती आणि अक्षरओळखीचीही नव्हती. पुढे चावडीवर आणि पंचायतीच्या कार्यालयात सूचनाफलक आले. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारी उभा असलेला कोणीतरी सूचना वाचून दाखवी. आज योजनेची माहिती, अर्जाचा नमुना, पात्र लाभार्थ्यांची यादी, कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी आणि शासन निर्णय हे सारे प्रथम संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. या सोयीमुळे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी घालावे लागणारे हेलपाटे पुष्कळ प्रमाणात वाचले, हे निर्विवाद आहे.

मात्र या सोयीबरोबर एक नवा उंबरठाही निर्माण झाला आहे. डोळ्यांनी पाहणारा, हाताने माऊस चालवणारा आणि बारीक अक्षरे भराभर वाचणारा नागरिक समोर धरूनच संकेतस्थळ तयार केले, तर ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याची दृष्टी वयामुळे मंदावली आहे तो या उंबरठ्याबाहेरच राहतो. कार्यालयाच्या इमारतीला पायऱ्या असतील तर चाकाच्या खुर्चीसाठी उतरता मार्ग बांधला पाहिजे, हे आता सर्वमान्य झाले आहे. संकेतस्थळालाही असाच उतरता मार्ग लागतो. तो कसा बांधावा आणि त्यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न किती जणांचा?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लक्ष व्यक्ती दिव्यांग आहेत. महाराष्ट्रातील ही संख्या २९ लक्ष ६३ हजार इतकी होती. त्यांपैकी सुमारे ५ लक्ष ७४ हजार व्यक्तींना दृष्टीचे, ४ लक्ष ७३ हजार व्यक्तींना श्रवणाचे आणि ५ लक्ष ४८ हजार व्यक्तींना हालचालीचे अपंगत्व होते. त्याच जनगणनेत राज्यातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे १ कोटी ११ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के भरली. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, बोटांचा ताठरपणा या गोष्टी वृद्धांच्या बाबतीत अपवाद नसून नित्याच्या आहेत. सबब हा मूठभर लोकांचा प्रश्न नव्हे. आज जे धडधाकट आहेत तेही उद्या याच वर्गात येणार आहेत.

विशेष म्हणजे ज्यांना शासनाच्या साह्याची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाटेत हा अडथळा उभा राहतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठीचा अर्ज आता संकेतस्थळावरून करावा लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांचे लाभार्थी मुख्यतः दिव्यांग, निराधार व वृद्धच असतात. त्यांना आपल्या हक्काची माहिती स्वतः वाचता आली नाही, तर योजना कागदावर उत्तम असूनही त्यांच्या दृष्टीने ती अर्धीच राहते.

याचे ठळक उदाहरण २०२१ साली देशापुढे आले. कोविड प्रतिबंधक लसीकरणासाठी १८ ते ४४ या वयोगटाला कोविन या संकेतस्थळावर नोंदणी करणे त्या वेळी आवश्यक होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ रोजीच्या आदेशात या संकेतस्थळावर दृष्टिहीनांना येणाऱ्या अडचणींची नोंद घेतली. पडताळणीसाठी दाखवल्या जाणाऱ्या वेड्यावाकड्या अक्षरांना ध्वनीचा पर्याय नव्हता, ही त्यांपैकी एक होती. डोळस माणसाला क्षुल्लक वाटणारी ही त्रुटी लस मिळणे आणि न मिळणे यांच्यामध्ये उभी होती.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक कसा वापरते?

अडथळा नेमका कोठे येतो हे समजण्यासाठी दृष्टिहीन व्यक्तीची कामाची पद्धत जाणून घेणे उपयुक्त ठरेल. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर पडदावाचक नावाची आज्ञावली बसवलेली असते. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. एनव्हीडीए ही अशी एक आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने आरंभिली. जेम्स टेह हे त्यांचे सहकारीही दृष्टिहीनच. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीत टॉकबॅक ही सोय मुळातच असते.

पडदावाचक वापरणारी व्यक्ती माऊस वापरत नाही. कळफलकावरील टॅब कळ दाबत ती एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जाते आणि शीर्षकांवरून उड्या मारत हवा तो भाग शोधते. म्हणूनच पृष्ठावर शीर्षके ही शीर्षके म्हणून नोंदलेली असावी लागतात. अक्षरे नुसती ठळक आणि मोठी केली, तर डोळ्यांना शीर्षक दिसते. पडदावाचकाला ते कळत नाही. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेले नसेल, तर पडदावाचक केवळ 'चित्र' एवढेच म्हणतो. एकाच पृष्ठावर दहा ठिकाणी 'येथे क्लिक करा' असे लिहिले असेल, तर ऐकणाऱ्याला दहाही दुवे सारखेच. त्याऐवजी 'श्रावणबाळ योजनेच्या अर्जाचा नमुना' असे लिहिले की काम भागते.

मराठी मजकुराच्या दोन विशेष अडचणी

वरील गोष्टी सर्व भाषांना लागू आहेत. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी दोन अडचणी संभवतात आणि त्या संकेतस्थळ बांधणाऱ्या तंत्रज्ञापेक्षा कार्यालयातील टंकलेखनाच्या मेजाशी अधिक निगडित आहेत.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे केवळ चित्र बसवलेले असे. कृतिदेव या फॉन्टचे उदाहरण घेऊ. त्यात टंकलेला 'काम' हा शब्द आपल्याला 'काम' असाच दिसतो. परंतु संगणकाच्या लेखी ती डी, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे असतात. पडदावाचक तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक ध्वनी पडतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर डोळसालाही तीच रोमन अक्षरे दिसतात आणि शब्द टाकून शोध घेतला तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा स्वतंत्र संकेत आहे. त्यामुळे अक्षर कोणत्याही यंत्रावर तेच राहते.

दुसरी अडचण छायाप्रतीची. परिपत्रक युनिकोडमध्ये व्यवस्थित टंकले जाते, त्याची छापील प्रत काढली जाते, तीवर स्वाक्षरी व शिक्का होतो, ती प्रत स्कॅन केली जाते आणि पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढवली जाते. या प्रवासात मजकूर नाहीसा होतो व मजकुराचे छायाचित्र तेवढे उरते. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावल्या आता भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत, ही गोष्ट खरी. परंतु तिरपी छायाप्रत, शिक्क्याखाली झाकलेल्या ओळी, हस्ताक्षर आणि रकान्यांचे तक्ते यांपुढे त्या चुकतात. कथेतील एखादा शब्द चुकला तर चालेल. अर्जाची अंतिम तारीख किंवा अनुदानाची रक्कम चुकून चालत नाही.

या अडचणीवरील उपाय आपल्या राज्यात अपरिचित नाही. 'हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे' हे वाक्य शासन निर्णयाच्या अखेरीस आपण नेहमी वाचतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा स्वाक्षरीला वैधता आहे. मजकूर कागदावर न उतरवता थेट पीडीएफ केला आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी केली, तर छायाप्रतीची गरजच उरत नाही. जेथे डिजिटल स्वाक्षरीची व्यवस्था नाही तेथे स्वाक्षरीची छायाप्रत ठेवावी. मात्र तिच्याशेजारी मूळ मजकूरही संकेतस्थळाच्या पृष्ठावर द्यावा.

वृद्ध आणि इतर दिव्यांग नागरिक

वृद्ध नागरिक बहुधा पडदावाचक वापरत नाहीत. त्यांच्या अडचणी निराळ्या आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील फिकट करडी अक्षरे त्यांना लागत नाहीत. अगदी जवळजवळ असलेली बटणे दाबताना बोट भलत्याच ठिकाणी पडते. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी चष्मा शोधून वाचेपर्यंत त्याची मुदत संपते आणि भरलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. 'माहिती अवैध आहे' एवढाच संदेश आला, तर नेमके काय चुकले हे उमगत नाही. 'पिनकोड सहा अंकी असावा' असे सांगितले तर चूक दुरुस्त होते.

निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची योजना सुरू झाली. बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे यांवरून ओळख पटवण्याची सोय तीत होती. वार्धक्यात व कष्टाच्या कामाने बोटांवरील रेषा झिजतात आणि ठसा जुळत नाही. पुढे २०२१ मध्ये भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय उपलब्ध झाला. एक मार्ग बंद पडला तर दुसरा खुला असावा, हे सुगम्यतेचे मूलतत्त्वच यातून दिसते.

कर्णबधिर नागरिकाला बोलक्या चित्रफितीचा उपयोग तीवर मजकूरपट्टी असेल तरच होतो. तक्रारीसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक दिला असेल, तर तो त्याच्या निरुपयोगाचा. रंगांधळ्या व्यक्तीला 'लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक' ही सूचना कळत नाही. ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी संपूर्ण अर्ज कळफलकावरून किंवा तत्सम साधनावरून भरता यावा लागतो.

'आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरून मिळतो, मग अडचण कोणती?' असा प्रश्न येथे विचारला जातो. ही केंद्रे उपयुक्त आहेत आणि ती आवश्यकही आहेत. परंतु दुसऱ्याकडून अर्ज भरून घेताना आधार क्रमांक, बँकेचे खाते, आजाराचा तपशील आणि ओटीपी हे सारे त्याच्या स्वाधीन करावे लागते. मदत घेणे हा नागरिकाचा पर्याय असावा. ती त्याची सक्ती होऊ नये. आपला अर्ज आपण भरला, आपली यादी आपण वाचली, यात जो स्वाभिमान आहे तो दिव्यांग व्यक्तीलाही तितकाच प्रिय असतो.

कायद्याची भूमिका

सुगम्यता ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे, हे कायद्याने स्पष्ट केले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला व भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ साली आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. जागतिक पातळीवर मान्य असलेल्या निकषांशी ती सुसंगत आहेत. या निकषांचे सार चार वाक्यांत सांगता येते. मजकूर डोळ्यांनी, कानांनी किंवा स्पर्शाने जाणता आला पाहिजे. पृष्ठ प्रत्येकाला आपल्या पद्धतीने हाताळता आले पाहिजे. आशय व सूचना समजल्या पाहिजेत. आणि निरनिराळ्या साधनांवर ते पृष्ठ सारख्याच खात्रीने चालले पाहिजे. यांतील काही निकष अगदी मोजून दिलेले आहेत. उदाहरणार्थ, सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान ४.५ : १ असावे, तसेच अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर तुटू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांनी या विषयाला अधिक बळ दिले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत आहे, असे ठरवून बंधनकारक नियम करण्याचा निर्देश केंद्र शासनाला दिला. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी आम्लहल्ल्यातील पीडित आणि एक दृष्टिहीन नागरिक यांच्या याचिकांवर निर्णय झाला. चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्तीला पापण्या मिटवून ओळख पटवता येत नाही. मग तिने बँकेत खाते कसे उघडावे, असा तेथे प्रश्न होता. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने वीस निर्देश दिले.

कार्यालयात काय करता येईल?

संकेतस्थळाच्या कोपऱ्यात अक्षरे लहानमोठी करण्याची व रंग पालटण्याची बटणे बसवली की काम झाले, असा एक समज आढळतो. ही बटणे चांगली. परंतु छायाप्रतीला ती बोलते करू शकत नाहीत. खरे काम मजकूर तयार होतो तेथेच करावे लागते आणि त्यातील बहुतेक भागाला वेगळा खर्च लागत नाही. प्रत्येक कार्यालयाला पुढील तपासण्या सहज करता येतील.

१. प्रसिद्ध करावयाच्या पीडीएफमधील एखादा शब्द माऊसने निवडून पाहावा. शब्द निवडता आला नाही, तर ते केवळ चित्र आहे. निवडलेला शब्द दुसरीकडे चिकटवल्यावर रोमन अक्षरे उमटली, तर फॉन्ट जुना आहे.

२. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब व एंटर या कळांच्या साह्याने अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत भरून पाहावा.

३. पृष्ठ दुप्पट मोठे करून पाहावे. अक्षरे एकमेकांवर चढू नयेत व बटणे पडद्याबाहेर जाऊ नयेत.

४. शीर्षके, तक्त्यांचे रकाने आणि चित्रांची वर्णने मूळ मजकुरातच नोंदवावीत. तक्ते शक्यतो साधे ठेवावेत व रकाने एकत्र जोडू नयेत.

५. पडताळणीच्या अक्षरांना ध्वनीचा पर्याय द्यावा. ओटीपीची मुदत वाढवून घेण्याची सोय ठेवावी.

६. संकेतस्थळ बांधून घेण्याच्या निविदेत सुगम्यतेची अट स्पष्टपणे लिहावी आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी पडदावाचक वापरणाऱ्या व्यक्तीकडून ते तपासून घ्यावे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. शंभर पानांच्या अहवालातून जे कळत नाही ते एका दृष्टिहीन व्यक्तीने आपल्यासमोर अर्ध्या तासात अर्ज भरण्याचा प्रयत्न केला की कळून येते.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा

शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या सूचना आता पालकांच्या व ग्रामस्थांच्या भ्रमणध्वनीवरील गटांवर जातात. बहुतेक वेळा हे फलकाचे किंवा परिपत्रकाचे छायाचित्र असते. त्यासोबत सूचनेचा गाभा चार ओळींत टंकून पाठवला, तर दृष्टिहीन पालकाला तो ऐकता येतो आणि वृद्ध आजोबांना अक्षरे मोठी करून वाचता येतो. आवाजी संदेशाची जोड दिल्यास ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही सूचना पोहोचते. ती जणू नव्या काळातील दवंडीच ठरते. शाळेतील मुलांना युनिकोड टंकलेखन व शीर्षकांची योग्य मांडणी आरंभापासूनच शिकवली, तर पुढील पिढीतील कारकून, तलाठी आणि तंत्रज्ञ हे संस्कार घेऊनच कामाला लागतील.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. ग्रामसभेत या निधीचा विचार होतो त्या वेळी गावातील दिव्यांगांपैकी किती जणांना योजनांची माहिती स्वतः वाचता किंवा ऐकता येते, हा प्रश्नही सदस्यांनी विचारावा. भ्रमणध्वनीतील पडदावाचक कसा सुरू करावा, हे गावातील एखादा जाणकार तरुण एका दुपारी शिकवू शकतो.

इमारतीला उतरता मार्ग नसेल तर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. संकेतस्थळावरील अडथळा मात्र ज्याची वाट अडते त्याच्याखेरीज कोणालाही जाणवत नाही, आणि म्हणून त्याची तक्रारही फारशी होत नाही. तक्रार आली नाही याचा अर्थ अडथळा नाही, असा घेता कामा नये. परिपत्रक प्रसिद्ध झाले की आपण 'माहिती दिली' अशी नोंद करतो. ज्याच्यासाठी ती माहिती होती त्याला ती घेता आली का, याची खात्री करून घेणे ही त्याच कर्तव्याची दुसरी बाजू होय. पुढील परिपत्रक संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी त्यातील एक शब्द माऊसने निवडून पाहण्यापासून या कामाला आजच आरंभ करता येईल.